दिव्याचं बटण

"आकाशात चांदण्या दिसेपर्यंत या खोलीतून हलायचं नाही. फोन नाही, मैत्रिणी नाहीत. पेपर फुटला तर माझी मान अडकेल!" रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका वॉर्डबाईंनी सीलबंद पाकीट टेबलावर आपटलं.

"फोन घरीच आहे, मॅडम," शिफ्रा म्हणाली. "शनिवारी मी त्याला हातही लावत नाही."

पलीकडच्या इमारतीत बाकीची पोरं नुकतीच तोच रसायनशास्त्राचा पेपर लिहायला बसली होती. शिफ्राच्या ज्यू घरात मात्र शब्बाथ होता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या उगवेपर्यंत लिहायचं नाही, सामान घेऊन बाहेर पडायचं नाही, गाडीत बसायचं नाही, विजेचं बटण दाबायचं नाही. म्हणून तोच पेपर ती रात्री इथे बसून लिहिणार होती. पेन, ओळखपत्र आणि हिब्रू स्तोत्रांचं छोटं पुस्तक ती कालच बाईंकडे ठेवून गेली होती आणि आज मॉन्ट्रियलच्या बर्फातून रिकाम्या हातांनी चालत आली होती. हा पेपर बुडाला असता तर तिचा मेडिकलचा प्रवेशही बुडाला असता.

अशा मुलांची सोय करा, असं विद्यापीठ म्हणत होतं. पण सुट्टीच्या दिवशी राखण करत बसायला कोण येणार? सगळ्यांनी अंग काढून घेतलं, तेव्हा वॉर्डबाई स्वतःच आल्या. आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. 'रसायनांना सणवार कळत नाहीत' हे त्यांचं वाक्य अख्ख्या विभागाला पाठ होतं. त्यांना कुठल्याही देवाच्या दारात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बाई लाल पेनने दुसऱ्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासू लागल्या. शिफ्राने मनातल्या मनात उजळणी करावी म्हटलं, तर शब्बाथला पुढच्या कामाची तयारी करणंही नियमात बसत नव्हतं. तिने स्तोत्रांचं पुस्तक उघडलं आणि पुटपुटत वाचू लागली. समोर बाईंनी पेनला टोपण लावून ते बाजूला ठेवलं होतं, तिकडे तिचं लक्ष गेलं नाही.

डिसेंबरचा दिवस तो, चार वाजताच कलला. शिफ्राने पुस्तक डोळ्यांजवळ आणलं.

"दिसत नाही तर मूग गिळून काय बसलीस?" बाई म्हणाल्या. "दिवा लावा म्हण की."

"तसं कुणाला सांगायचंही नसतं, मॅडम. पण तुम्ही तुमच्या सोयीसाठी लावलात, तर त्या उजेडात मला वाचता येईल. तुम्ही काही आमच्यातल्या नाही." शिफ्राला हसू आलं. "माझा मामा आहे ना, तो देवबिव मानत नाही. शब्बाथला येतो आणि मुद्दाम बटण दाबतो. नास्तिक असला तरी ज्यूच ना तो! त्याने लावलेला दिवा आम्हाला चालत नाही. मग आजी आम्हा सगळ्यांना उठवून दुसऱ्या खोलीत नेते."

"आणि मामा?"

"मामा बसतो उजेडात एकटा."

बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने उठल्या, दारापाशी गेल्या. बटणाकडे हात नेला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग हात खाली घेऊन परत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

शिफ्राला फार वाईट वाटलं. एक बटण दाबायला यांचं काय जात होतं? इतकं बर्फ तुडवून आले ते हेच बघायला? एवढाच राग होता तर सोय करायला यायचं तरी कशाला? पण बोलायची चोरी होती. पास-नापास यांच्याच हातात.

खिडकीबाहेर डोंगरावरचा विजेच्या दिव्यांचा भला मोठा क्रूस उजळला, पण त्याचा उजेड इथवर थोडाच पोचणार! अक्षरं एकमेकांत मिसळली. एका ओळीच्या मध्यावर शिफ्रा अडखळली. तिने पान तिरकं धरून पाहिलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. आता तिला रडू कोसळणार होतं.

आणि तेवढ्यात समोरून उरलेली अर्धी ओळ आली. हिब्रूत. मग पुढची ओळ, मग तिच्या पुढची. मध्येच थांबत, चाचपडत, लहानपणी घोकलेलं म्हणावं तशी.

"मॅडम..." शिफ्राच्या हातातलं पुस्तक मांडीवर पडलं. "तुम्ही?"

"आईने पाठ करून घेतलं होतं," अंधारातून वॉर्डबाई म्हणाल्या. "मी लावलेला दिवा तुला चालला नसता, बाळ."