मम

पूजेला बसलेला मुकुंद गुरुजींच्या मागून नुसतं ‘मम’ म्हणत होता आणि लक्ष सगळं फोनात, याचा भागीरथीबाईंना केव्हाचा राग आला होता. आता पूजा संपली, पाहुणे उठले, आणि त्या मात्र पाटावरच अडकल्या होत्या. त्यांचे दोन्ही यंत्राचे गुडघे मांडी घातलेल्या जागीच घट्ट झाले होते. विहीणबाई टक लावून बघत होत्या.

“आई, गुडघ्यांत आत्ताच नवा कर्नल, म्हणजे त्यांना चालवणारा मूळ प्रोग्रॅम आला,” मुकुंद पुटपुटला. “सुरू होताना तो कुणाचे हुकूम मानायचे याचे सुरक्षेचे दाखले वाचतो. एक दाखला मुदत संपलेला निघाला, तर त्याने सगळेच टाकून दिले. आता उद्यापर्यंत गुडघे कुणाचंच ऐकणार नाहीत.”

“गुडघे बनवणाऱ्या तुमच्या कंपनीत हे तपासायचं काम कुणाचं?” भागीरथीबाईंनी दरडावलं.

“माझंच. पण बाकीच्यांनी ठीक आहे म्हटलं, म्हणून मीही न वाचताच...”

“पाटासकट उचलू या का यांना?” विहीणबाईंनी गोड आवाजात विचारलं.

भागीरथीबाईंनी पदर सावरला. चौघांनी पाटाला हात घातले, तेव्हा त्या मुलाच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, “न ऐकता म्हटलेलं मम देव पोटात घालतो, मुकुंदा. माझ्या गुडघ्यांना पोट नाही.”