लेकीच्या नावावरचा फ्लॅट

"आप्पा, फ्लॅट घ्यायच्या आधी यांना विचारायचं तरी!" मी सीए दामल्यांच्या केबिनमध्येच ओरडले.

आप्पांनी मिरजेचं घर विकून सांगलीत फ्लॅट घेतला, सगळा माझ्या नावावर. माझा घटस्फोट झाल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच होतं. आता दामले सांगत होते, की विकणाऱ्यानं स्वतःच्या नावावर दुसरं घर घेतलं असतं तर कर लागला नसता. लेकीच्या नावावर घेतलं, म्हणून विक्रीच्या नफ्यावर कर भरा. आप्पांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला ठेवलेले पैसे त्यातच जाणार होते.

"बापानं लेकीला घर दिलं म्हणून दंड?"

"दंड नाही हो ताई, कर."

"खिशातूनच जातो ना?"

दादा शेजारी तोंड फुगवून बसला होता. "स्वतःच्या नावावर घ्या म्हणत होतो. तुमच्या मागे तिलाच दिलं असतं. मी काय खाणार होतो?"

"खरंय," दामले म्हणाले. "आप्पा, मृत्युपत्र करून ठेवायचं होतं."

आप्पांनी दादाकडे पाहिलं. "आईनं जाताना तुझ्यासमोर सांगितलं होतं, माझ्या पाटल्या पोरीला द्या. आज कुणाच्या हातात आहेत रे त्या?"

दादानं मोबाईल बाहेर काढला.

आप्पा दामल्यांकडे वळले. "भरून टाका कर. गुडघे काय, दुखतच आलेत."