डावीकडचं दालन

"आता डावीकडे वळूया," असं म्हणत गाईड मुलीने ऐटीत दार उघडलं.

आत बादल्या, झाडू आणि एक मोडकी शिडी होती.

बंदरातल्या सगळ्यात श्रीमंत जहाजमालकाच्या बंगल्यात त्याचं संगीताचं दालन बघायला आलेली मंडळी त्या झाडूंकडे आदराने बघू लागली. एकाने तर फोटोही काढला.

घोळक्याच्या मागे तिची आई उभी होती. काय घोटाळा झाला हे तिला एकटीलाच कळलं होतं. सगळा सराव झाला होता घरी, दोन खोल्यांत. फ्रिज म्हणजे जहाजमालकाचं तैलचित्र, कपाट म्हणजे संगमरवरी जिना, आणि डावीकडची न्हाणी म्हणजे संगीताचं दालन. आई भाजी चिरता चिरता पर्यटक व्हायची आणि मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न विचारायची. पण इथे ते दालन होतं उजवीकडे.

आजची फेरी म्हणजे परीक्षा होती. सकाळपासून दोन बंगले आणि चित्रसंग्रहालय छान पार पडलं होतं. हा बंगला निभावला की नोकरी पक्की. संग्रहालयाच्या मुख्य बाई हाताची घडी घालून सोबत चालत होत्या. नातेवाइकांना सक्त मनाई होती, कारण मागच्या एका उमेदवाराच्या मामाने प्रत्येक चित्रापाशी टाळ्या पिटल्या होत्या. म्हणून आई तिकीट काढून, काळा चष्मा लावून, परक्यासारखी आली होती.

मुलीचे कान लाल झाले. तिने मागे पाहिलं. आईने मान खाली घातली. ती नुसती उजवीकडे वळवली असती तरी पुरे होतं, पण धीर झाला नाही.

"चुकलं माझं," मुलगी म्हणाली. "घरी सराव केला ना, तिथे हे दालन डावीकडे आहे."

"घरी पियानोपण आहे का?" एका आजोबांनी विचारलं.

"नाही आजोबा, वॉशिंग मशीन आहे. पण तेही गातं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. मुलीने दार लावलं, उजवीकडचं उघडलं आणि पियानोपाशी उभी राहून बोलू लागली. आता आवाज तिचा होता, घरातला. जहाजमालकाला सूर की ताल काही कळत नव्हतं. शेजारच्या बंगल्यात पियानो आला म्हणून त्याने त्याहून मोठा आणला, आणि तो दारातून आत जाईना म्हणून भिंत पाडली. आईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. दाबून धरले तरी थांबेनात.

फेरी संपली. मंडळी पायऱ्या उतरून समुद्राकडे पांगली. बाई नेमक्या आईपाशी येऊन थांबल्या.

"कशी वाटली आमची गाईड?"

आईने उत्तर केव्हाचं घोकून ठेवलं होतं. छान. भरपूर माहिती मिळाली. एवढंच बोलायचं आणि चालू लागायचं.

"बरी सांगते," आई म्हणाली, "पण घरी याहून छान सांगते."

मग तिने जीभ चावली.

बाई तिच्या काळ्या चष्म्याकडे बघत राहिल्या.

"उद्यापासून," त्या म्हणाल्या, "तिला एकटीलाच पाठवा."