सासूबाईंचा बाण

जर्मनीहून कालाहारीत शिकारीला आलेला उल्रिख माझ्या झोपडीसमोर तयारी करत बसला होता. जनावरांना सुगावा लागू नये म्हणून बिनवासाच्या साबणाने अंघोळ झाली होती, टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य ताणून झालं होतं, आता एकेका बाणाची धार नखावर बघणं चाललं होतं. त्याचा वाटाड्या मी.

माझी सासू चुको मला ऐकू जाईल अशा बेताने माझ्या बायकोला म्हणाली, "बघ, याला म्हणतात तयारी! नाहीतर आमचे जावईबापू. त्यांच्या हातच्या मांसाची वाट बघून माझे दात पडले."

मग तिने गळ्यातली शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या मण्यांची माळ उल्रिखच्या गळ्यात घातली आणि लाल पिसांचा एक बाण उचलला.

"हा माझा?"

मी तिचं बोलणं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. उल्रिख विरघळलाच. "घ्या की, मावशी!"

तिने तो बाण लगेच त्याच्या भात्यात परत ठेवला. "उद्या पहिला हाच सोड हं, बाळा."

"केवढा जीव लावता रे तुम्ही लोक!" उल्रिखने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी त्याच बाणाने भलंमोठं कुडू हरीण पडलं. उल्रिख सुरी घेऊन ऐटीत वाटपाला उभा राहिला, तर अख्खी वस्ती त्याला ओलांडून चुकोसमोर जाऊन बसली.

"अरे, शिकार मी केली ना?"

"आमच्यात मांस मारणाऱ्याचं नसतं," मी म्हटलं. "ज्याचा बाण, त्याचं."

चुकोने एक बरगडी काढून लेकीच्या हातात दिली.

"ही त्या पाहुण्याला दे गं. जावयापेक्षा बरा राबला!"