तापली की बसते

"मारा सेल्फ!" बॉनेटमध्ये डोकं खुपसून सासरे ओरडले.

जावयाने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, एक गचका खाल्ला आणि गप्प झालं.

"बसली परत! सटवी आहे नुसती!" सासऱ्यांनी बॉनेटच्या कडेवर थाप मारली आणि चटका बसला म्हणून हात झटकला. "घरातून कशी गुणाची निघते! आणि जरा तापली की भर रस्त्यात बसकण मारते. मेकॅनिककडे न्या, तर पुन्हा साळसूद."

गाडी सासऱ्यांच्या लग्नाच्याही आधीची. इतकी वर्षं इमाने इतबारे चालली आणि हल्ली हल्ली तिला ही थेरं सुचायला लागली होती. प्लग बदलून झाले, कॉइल नवी आली, कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला. सासऱ्यांनी हाय खाल्ली होती, पण हार खाल्ली नव्हती. बाळंत झालेली लेक आज दवाखान्यातून सुटणार होती. "टॅक्सी बोलवू का?" असं जावयाने निघताना विचारलं, ते त्यांना चांगलंच झोंबलं. माझी नात पहिल्यांदा घरी येईल ती माझ्याच गाडीतून, असं त्यांनी ठणकावलं होतं. आता दवाखाना दूर राहिला होता आणि ऊन डोक्यावर आलं होतं.

जावयाचा फोन वाजला. लेकीचा होता.

"कधीची आवरून बसलेय मी! बाबा कुठे आहेत?"

"बॉनेटमध्ये."

"आणि तू?"

"उन्हात."

"पेट्रोलचा पंप तापतोय," सासऱ्यांनी फर्मावलं. "आतल्या आत पेट्रोलची वाफ होतेय. ओलं फडकं आणा!"

फडकं काही सापडेना. सासऱ्यांनी मागच्या सीटवरचं नवंकोरं दुपटं ओढलं, पाण्याची बाटली त्यावर उपडी केली आणि पंपाला गुंडाळलं.

"मामा, ते बाळाचं आहे!"

"मग बाळाला काय चालत आणायचंय?"

दोघं कडेच्या कठड्यावर बसून राहिले. पंप गार झाला, दुपटं काळं झालं; सासऱ्यांनी ते काढून खांद्यावर टाकलं. पुन्हा सेल्फ मारला. गाडी ढिम्म.

"तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं दुपटं," जावई पुटपुटला. मग जरा घाबरतच त्याने विचारलं, "मामा, पेट्रोल आहे ना पण?"

"म्हणजे मी खुळा? काटा चालत नाही म्हणून काय झालं, कालच टाकी भरलीय मी!"

"बघून तर घेऊ."

"बघा! डोळे भरून बघा!"

सासरे तरातरा मागे गेले. शर्टाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक छोटीशी किल्ली काढली, टाकीच्या झाकणात घातली आणि रागारागाने फिरवली. झाकण सैल झालं आणि सूऽऽऽ करून टाकीने हवा आत ओढली. बराच वेळ ओढत राहिली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"आत हवाच जात नव्हती," जावई म्हणाला. "हवा नाही, तर पेट्रोल पुढे जाणार कसं?"

तो धावत जाऊन स्टिअरिंगवर बसला. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर इंजिनाने पकडलं आणि तापलेलं असूनही झकास चालू लागलं.

"अरे वा रे वा!" सासरे जागच्या जागी नाचायचेच बाकी होते. "म्हणजे तापण्याचा काही संबंधच नाही! हे नवं झाकण, याला भोकच नाही! जुन्याला होतं. आणि मी गाढव कार्बोरेटर धूत बसलो!"

जावईही हसला. खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याने सहज विचारलं, "नवं झाकण कशाला बसवलंत पण? तेही कुलपाचं?"

सासऱ्यांचं हसू थांबलं.

"ते... पेट्रोल फार लवकर संपायचं मध्यंतरी. लोक नळी घालून काढतात हो."

"कोण लोक?"

"असतात. रस्त्यावरचे."

"गाडी तर आपल्या गॅरेजात असते, मामा. आणि गॅरेजची एक किल्ली तुमच्याकडे, एक माझ्याकडे."

सासरे दुपट्याला हात पुसू लागले.

"माझ्या स्कूटरमध्ये मी पंपावर जाऊन पेट्रोल भरतो," जावई म्हणाला. "गाडी जुनी झालीय, जास्त पिणारच."

"तसं नाही हो काही..." सासऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाच घरात राहायचं, एकाच ताटलीतले शेंगदाणे खायचे आणि खिशात ही किल्ली बाळगायची! चुकलं माझं, एवढे दोन शब्द ओठांपर्यंत आले. पण जावयासमोर ते म्हणणं त्यांना काही केल्या जमेना. ते खिडकीपाशी आले आणि त्यांनी ती छोटी किल्ली आत धरली.

"घ्या. आजपासून ही तुमच्याकडे."

जावयाने किल्लीकडे बघितलं. मग हळूच, अगदी आदराने, त्यांचा हात बाहेर सारला.

"राहू द्या, मामा. चोराच्या हाती कशाला जामदारखान्याच्या किल्ल्या?"