जास्तीची खाच

हत्यारं टांगायच्या पत्र्यांचे आराखडे आर्विड संगणकावर काढायचा. लोक ते विकत घेऊन आपापल्या यंत्रावर पत्रा कापायचे. त्याच्या गॅरेजातही दाराजवळ तसाच पत्रा ठोकलेला होता. बाहेर मिनेसोटातलं बर्फ. बायको, इंगा, कॉफीचे दोन कप घेऊन आत आली तसा शेगडीच्या उबेनं तिचा चष्मा धुरकटला. सवयीनं तो भिंतीवर अडकवून ती पडद्यावर पत्र वाचत बसलेल्या आर्विडशेजारी स्टुलावर टेकली.

“कुणाचं पत्र? वाच, मला दिसत नाही.”

“टेक्सासचा माणूस आहे. म्हणतो, हातोडा बसला, पक्कड बसली, पण कडेच्या बारीक खाचेत काहीच बसत नाही. चूक सुधारा.”

“मग सुधार की! चाळीस वर्षं पत्रा कापतोस, अजून मोजता येत नाही तुला.”

तिच्यासमोरच त्यानं उत्तर लिहिलं: ‘तुमच्याकडे बर्फ नाही, तुम्ही खुशाल काढा. ही खाच नव्हती तेव्हा बायको कप ठेवून दारातूनच परतायची.’

“काय लिहिलंस?”

“चूक माझीच म्हणून.”

“एकदाचं कबूल केलंस!” ती हसली. कॉफी संपवून उठली आणि न बघताच हात लांबवून त्या खाचेतून आपला चष्मा काढून घेतला.