पिठातल्या चाकोऱ्या

गिरावीन गावातल्या घरात सुचित्राने सकाळी टोपली उचलली. दहा वर्षांची लेक उर्वी गेल्यावर तिने रात्री दिव्याजवळ पीठ पसरून त्या टोपलीने झाकलं होतं. गेलेल्याची पावलं त्यात उमटतात म्हणे.

पावलं नव्हती. दोन बारीक चाकोऱ्या होत्या.

चंद्रावर अवजारं न्यायला अंतराळवीर ओढत, तशी दोन चाकांची हातगाडी उर्वीने शाळेसाठी बनवली होती. ती तिच्यासोबतच चितेवर जळाली.

“शैलेंद्र, हे तू केलंस?” तिने नवऱ्याला विचारलं.

“वेडी आहेस का?” त्याने पिठावरून हात फिरवला.

चाकोऱ्या तशाच राहिल्या.

“चंद्रावर वारा नसतो ना बाबा,” उर्वी सांगायची, “सो ट्रॅक्स जातच नाहीत.”

त्याने पुन्हा हात फिरवला. चाकोऱ्या बोटभर वाढल्या, बाहेरच्या दाराकडे.

सुचित्राने धावत जाऊन दार लॉक केलं आणि ती दाराला पाठ लावून, वाट अडवून उभी राहिली.